न आखलेला रकाना

कुठला कॉम्प्युटर घ्यावा, असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी एकच उलट प्रश्न विचारत आले: तुमच्या ओळखीत आणखी कोणाकडे तोच आहे का? लोकांना वाटतं, बाई विक्षिप्त आहे. किंमत विचारत नाही, कशाला हवा ते विचारत नाही, शेजाऱ्यांच्या चौकशा करते. असू दे विक्षिप्त. हा प्रश्न मला एकदा विचारायचा राहिला आणि त्यापायी चार बायका दुसऱ्यांदा मेल्या. त्यांच्या जागी मी चार जिवंत मुली उभ्या केल्या. हे मी आपण होऊन कधीच कोणाला सांगितलेलं नाही. धारच्या काकांना सांगितलं, तेही त्यांना आधीच कळून चुकल्यावर.

आम्ही मूळचे धारचे. आजोबा संस्थानात कारकून होते. संस्थान गेलं, घरातली भाषा तेवढी राहिली. सत्तरच्या पुढेमागे देवासला कारखाने उभे राहू लागले तेव्हा बाबांनी धार सोडलं. कॉलनीत आमच्या शेजारी पुण्याकडची, साताऱ्याकडची, नागपूरकडची घरं आली. त्या घरातल्या आया आमचं मराठी ऐकून हसायच्या, कारण आम्ही एकाच वाक्यात पणजीच्या काळचा शब्द आणि भाजीवाल्याचं हिंदी दोन्ही घालायचो. त्यांच्याच चार मुली माझ्या मैत्रिणी झाल्या. पाचवीपासून अकरावीपर्यंत आम्ही पाचजणी एका डब्यात जेवलो. त्यांची नावं मी नेहमी एकाच ठरलेल्या क्रमानं घ्यायचे, पाढा म्हटल्यासारखी, आणि घरचे त्यावरून मला चिडवायचे. एका मे महिन्यात मी त्या चौघींना धारला काकांकडे घेऊन गेले. काकांनी त्यांना किल्ला दाखवला, तलावाकाठी फिरवलं, आणि काकूंनी आमरस वाढता वाढता हात टेकले.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सरकारी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मूलबाळ नव्हतं. वेड मात्र एक होतं, घरातल्या बायकांचं. म्हणजे मेलेल्या.

आमच्या वंशावळीत पुरुषांची नावं ओळीनं लिहिलेली आहेत, अगदी कोकण सोडून माळव्यात आलेल्या मूळ पुरुषापासून. बायका नाहीत. कुठेकुठे नुसतं ‘भार्या’ एवढं लिहिलेलं. लहानपणी गेलेल्या मुलींचा तर पत्ताच नाही. पितृपक्षात काका तर्पणाला बसले की गुरुजी पुरुषांची नावं धडाधड घेत आणि बायकामुलांपाशी आले की ‘ज्ञाताज्ञात’ म्हणून एकाच ओंजळीत सगळ्यांना उरकत. माहीत असलेले, नसलेले, सगळे एका पाण्यात. काकांना तो शब्द कानात खडा गेल्यासारखा लागायचा. त्याला कारण होतं. त्यांची धाकटी बहीण चार वर्षांची असताना देवीनं गेली. घरात तिला सगळे लाडाच्या नावानं हाक मारत. पुढे आजी गेल्यावर पहिल्याच पितृपक्षात काका पाण्याची पळी घेऊन बसले आणि बहिणीचं पाळण्यातलं नाव त्यांना आठवेना. घरात कोणालाच आठवेना. तेव्हापासून ते उठले. बदनावर, लोहारदा, सतवास, जिथे जिथे आमच्या कुळातलं एखादं घर होतं तिथे एस.टी.नं जायचे, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईसमोर बसायचे आणि तिला आठवेल ते लिहून आणायचे. एका बाईला एक चिठ्ठी. नाव, माहेर, कशानं गेली, आणि एखादी गोष्ट. वीस वर्षांत अशा दोनशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या. बहिणीचं नावही त्यात मिळालं, बदनावरच्या एका आत्याकडे.

आणि मग काकांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आहे ते थेंबांवर टिकवू, पण जाणार हे धरून चाला. काकांनी मला देवासला पत्र लिहिलं. मी तेव्हा एका कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये नुकती लागले होते. पत्रात डोळ्यांबद्दल दोन ओळी आणि बाकी सगळं चिठ्ठ्यांबद्दल. चिठ्ठ्या विस्कळीत आहेत, अक्षर माझं मलाच लागत नाही, तुझ्या त्या यंत्रात त्या नीट लावून ठेवता येतील का, म्हणजे माझी दृष्टी गेल्यावर कोणीही वाचून दाखवील आणि मी ज्याचं त्याच्या नावानं पाणी सोडीन. पुढे लिहिलं होतं, यंत्र कुठलं घ्यायचं ते तूच ठरव, तू त्यातली आहेस.

तू त्यातली आहेस. या तीन शब्दांनी मी जी फुगले! सेक्शनमध्ये प्रिंटरचा हिरव्या पट्ट्यांचा कागद असायचा. त्याच्या पाठीवर मी फूटपट्टीनं तक्ता आखला. उभे रकाने तीन यंत्रांचे, आडवे माझ्या अकलेचे: किंमत, सोबत काय येतं, वरून काय घ्यावं लागतं, प्रोग्राम किती मिळतात, देवनागरी चालते का.

पहिलं यंत्र टीव्हीला जोडायचं, रबरी बटणांचं, सगळ्यांत स्वस्त. इंदूरला पाच-सहा हजारांत मिळत होतं. प्रोग्राम कॅसेटवर यायचे आणि चढताना टेपमधून मांजराच्या भांडणासारखा आवाज यायचा. खेळ शेकड्यानं, कामाचं जवळपास काही नाही. शिवाय टीव्ही हवा, टेप हवा, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यावर मी काट मारली.

दुसरं विलायती बनावटीचं. मोठ्या शहरांतल्या काही शाळांना तसली यंत्रं मिळाली होती. फ्लॉपीचा एक ड्राइव्ह धरून अठरा हजारांच्या आसपास. प्रोग्राम थोडे, पण यंत्र दणकट, त्यावर स्वतः प्रोग्राम लिहिणं सोपं, आणि मुख्य म्हणजे आत देवनागरीची चिप बसवून मिळत होती. आमच्याकडे हिंदी टाइपरायटरला ‘ळ’ नसायचा. मी दुकानात उभ्या उभ्या ‘ळ’ काढून पाहिला. आला. मी तिथेच निम्मी विरघळले.

तिसरा पीसी, आमच्या सेक्शनमध्ये होता तसा. किंमत दुपटीहून जास्त. देवनागरीसाठी निराळं कार्ड, ते दिल्लीहून मागवायचं, त्याचे पैसे निराळे. प्रोग्राम मात्र उदंड आणि फुकट. त्यांच्या फ्लॉप्या विरजणासारख्या होत्या. मूळ दही कोणाच्या घरचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण आपलं नासलं तर शेजारी वाटीभर मिळायचंच. हे मी तक्त्यात लिहिलं नाही. उलट ‘सगळ्या नकला’ असं लिहून पीसीचे दोन गुण कापले.

दुसरं यंत्र पहिलं आलं. दुकानदार माळव्यातलाच, तोंडाचा गोड. त्यानं एकदा सांगून पाहिलं, "दीदी, सोच लो. पीसी का तो मेला लगनेवाला है. ये बेचारी अकेली पड़ जाएगी." मला वाटलं, महागाचा माल गळ्यात मारतोय. मी त्याला जरा तोऱ्यातच सांगितलं की आम्हाला मेला नको, काम हवंय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आमच्या घरात रोज कोणाला ना कोणाला लागू व्हायची. त्या दिवशी ती माझ्या पाठीमागे उभी होती.

त्या उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत मी दर रविवारी देवासहून इंदूर आणि इंदूरहून धार असा एस.टी.चा प्रवास केला. प्रोग्राम मी स्वतः लिहिला. काका चिठ्ठी नाकाला टेकेल इतकी जवळ धरून वाचायचे, मी टाइप करायचे. नाव वाचून झालं की ते त्या बाईची गोष्ट सांगायचे. ती चिठ्ठीवर असली तरी सांगायचे. मी म्हणायचे, काका, वेळ जातोय. ते म्हणायचे, जाऊ दे, त्यांचा कोणी घेतलाय?

सतवासच्या चौघींचा रविवार मला अजून लख्ख आठवतो. एक सासरहून केशवपन करून परत पाठवलेली, जी गाईला घास दिल्याशिवाय जेवायची नाही. एक सात वर्षांची, खळ्यात साप चावून गेलेली. एक जिला गोड गळा होता आणि सासऱ्यांनी गायला बंदी केली म्हणून विहिरीशी जाऊन गायची. आणि एक बाराव्या दिवशी नाव ठेवलेली आणि तेराव्या दिवशी गेलेली. या चौघी काकांना सतवासच्या एका म्हाताऱ्या वहिनींनी सांगितल्या होत्या. त्यांच्याशिवाय जगात दुसऱ्या कोणाला त्या माहीत नव्हत्या. गोष्टी मला अशा पाठ आहेत आणि नावं मी माझ्या या बोटांनी टाइप केली होती. बोटांनी केली, कानांनी नाही. कान गोष्टीत गुंतलेले होते.

संध्याकाळची बस पकडण्याआधी मी दर रविवारी सगळ्याची दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल काढायचे. कारखान्यात आम्हाला शिकवलं होतं, दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. मी ती देवासला न्यावी असं मनात आलंही. पण आमच्या पीसीत ती वाचली जात नव्हती. एकदा घालून पाहिली तर पीसीनं तिला ओळखच दाखवली नाही. देवासमध्ये, कदाचित उज्जैन-रतलामपर्यंतसुद्धा, ती वाचणारं दुसरं यंत्र नव्हतं. मग तिथे नेऊन काय तिचं लोणचं घालायचं? दोन्ही फ्लॉप्या काकांच्या टेबलाच्या खणात, दौतीच्या शेजारी राहिल्या. प्रिंटर दिवाळीला घ्यायचा ठरला होता.

दसऱ्याची सुट्टी लागली तशी मी अष्टमीला धारला पोचले. काका दारातच बसले होते, चेहरा उजळलेला. त्यांनी मला सांगितलं की सर्वपित्रीला काकूंनी शेवटचं म्हणून सगळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, दोनशेच्या वर बायकांना नावानिशी पाणी मिळालं, गुरुजी कंटाळून निघून गेले तरी ते बसून राहिले. आणि नंतर चिठ्ठ्यांना हळदकुंकू वाहून त्यांनी त्या तलावात विसर्जित केल्या. पितरांच्या नावाचा कागद रद्दीत कसा घालायचा? मी विचारलं, ठेवल्या असत्या तर? ते म्हणाले, "संगणकात आहेत ना त्या आता. आणि ठेवून वाळवी लागली तर? जाळता येत नाहीत. एकदा जाळलेल्या माणसांना पुन्हा कसं जाळायचं?"

मी उठून खणात दोन्ही फ्लॉप्या आहेत ना ते पाहून आले. मग म्हटलं, दोन प्रती आहेत. उद्या आणखी एक काढू.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात. पाटावर आजोबांची गंजलेली तलवार, काकूंची कात्री, अडकित्ता, विळी, काकांची शाईची पेनं. यंत्र टेबलावरच होतं, त्याच्या की-बोर्डावर झेंडूचं फूल ठेवलं. काका म्हणाले, त्या तबकड्याही आण, खरं हत्यार तेच आहे. मी दोन्ही फ्लॉप्या पाकिटांसकट पाटावर ठेवल्या. काकांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "म्यानातून काढ. म्यानातल्या शस्त्राची पूजा होत नाही."

तलवारही त्यांनी म्यानातून काढून ठेवली होती. मी फ्लॉप्या पाकिटांतून काढल्या.

त्या जुन्या मोठ्या फ्लॉपीला एका कडेला एक लांबट उघडी खिडकी असायची. आत चकाकती तपकिरी चकती दिसे. जे काही लिहिलेलं असे ते तिच्यावर, आणि तिला बोट लावायचं नाही हा आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम. काकांना आता धूसर पलीकडे दिसत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं फ्लॉपीवरून बोटं फिरवली. बाकी सगळीकडे खरखरीत, त्या खिडकीतच गुळगुळीत लागलं. देवाच्या मूर्तीचं कपाळ असंच चाचपून शोधायची त्यांना सवय झाली होती. त्यांनी ओल्या गंधाचं बोट नेमकं तिथे टेकवलं, त्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर दाबून अक्षता. मग दुसरीला.

मी समोर बसले होते. त्यांचं बोट खिडकीकडे सरकताना मला दिसत होतं. एक शब्द पुरला असता. पण पूजेत बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा हात धरायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती, आणि अर्धवट आंधळ्या माणसाला तुम्ही चुकीच्या जागी गंध लावताय असं सांगणं मला क्रूर वाटलं. मनात म्हटलं, वाळलं की पुसून घेऊ. माझ्या आयुष्यातला सगळा मवाळपणा मी त्या दोन क्षणांत खर्च केला, आणि तो नको तिथे.

पुजलेलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही, असा नियम. मी तो दिवस स्वयंपाकघर आणि पाट यांच्यात येरझाऱ्या घालत काढला. ओलं गंध वाळताना, त्याला बारीक भेगा पडताना पाहिलं.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होताच मी दोन्ही फ्लॉप्या कापसानं पुसल्या. आधी कोरड्या, मग ओल्या, मग काकूंच्या स्टोव्हच्या स्पिरिटनं. पहिली आत घातली. ड्राइव्हनं दळण दळल्यासारखा आवाज केला आणि वाचता येत नाही असं पडद्यावर आलं. इथे मी थांबायला हवं होतं. हे लिहितानासुद्धा मला त्या मुलीच्या मनगटावर फटका मारावासा वाटतो. पहिलीवरची हळद आणि तांदळाची कणी आता ड्राइव्हच्या आत गेली होती. मी घाबरून लगेच दुसरी घातली, आणि ती कणी दुसरीवरून सुरीसारखी फिरली. बाहेर काढली तेव्हा खिडकीत गोल गोल चरे दिसत होते. बाहेर काका सोनं वाटत होते. आपट्याची पानं माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना यंत्राचं? मी म्हणाले, हो काका.

सुट्टी संपल्यावर मी इंदूरच्या दुकानदाराकडे गेले. त्यानं फ्लॉप्या उजेडात धरल्या, बराच वेळ बघितल्या. टोमणा मारला नाही, त्याचं मला आजही बरं वाटतं. एवढंच म्हणाला की पीसी असता तर कारखान्यात एक प्रत पडलेली असती, मित्राकडे एक असती, त्यानं स्वतः एक ठेवून घेतली असती. या यंत्राला सगेसोयरेच नाहीत. तिथे दुकानात उभ्या उभ्या मला माझा तक्ता दिसला. पाच आडवे रकाने, फूटपट्टीनं आखलेले. सहावा आखला असता तर त्यात एवढंच लिहायचं होतं, नासलं तर विरजण कोणाकडे मिळेल?

मी काकांना सांगितलं नाही. ड्राइव्ह बदलून आणला, नवी फ्लॉपी घातली आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला लागले. पुरुष वंशावळीतून मिळाले. बायकांसाठी मी लबाडी केली. काकांना गप्पांत गुंतवायचे, त्या बदनावरच्या आत्यांची सून कोण हो, असं सहज विचारायचे आणि घरी येऊन टिपून ठेवायचे. काकूंनी चिठ्ठ्या वाचल्या होत्या, त्यांच्याकडून काही मिळालं. लोहारद्याला, बदनावरला पत्रं घातली. वर्षभरात बहुतेक सगळ्या परत आल्या, एकेक करून, रुसून माहेरी गेलेल्या बायका येतात तशा. सतवासच्या नाही आल्या. काकांना त्यांच्या गोष्टी आठवत होत्या, नावं नाही. लिहून ठेवली म्हणूनच तर ती डोक्यातून गेली होती. मी रजा काढून सतवासला गेले. वहिनी मार्गशीर्षातच गेल्या होत्या आणि दाराला कुलूप होतं. शेजारच्या माणसानं मला पाणी दिलं आणि विचारलं, "किन्को ढूंढ रिया हो बेन?" मला सांगता येईना. ज्या चौघींना शोधत होते त्यांची नावंच मला माहीत नव्हती.

पुढच्या पितृपक्षापर्यंत काकांची दृष्टी पूर्ण गेली. सर्वपित्रीच्या आदल्या दुपारी त्यांनी मला यंत्रासमोर बसवलं आणि म्हणाले, वाच. एकदा सगळं कानावरून जाऊ दे, उद्या मला अडखळायला नको.

मी वाचत गेले. प्रत्येक नावाला ते मान हलवायचे. बहिणीच्या नावाला जरा थांबले. मग लोहारदा झालं, आणि पडद्यावर ‘सतवास’ या शब्दाखाली चार कोऱ्या ओळी आल्या. काका थोडे पुढे वाकले. या चौघींवर त्यांचा जीव होता. मला ‘ज्ञाताज्ञात’ म्हणता आलं असतं. खरं सांगता आलं असतं. त्याऐवजी माझ्या तोंडून चार नावं बाहेर पडली, न थांबता, पाढा म्हटल्यासारखी.

काकांनी मान हलवली नाही. म्हणाले, पुढे वाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात खिरीचं दूध ढवळत होते. दार उघडं होतं. काका कालच्या ऐकण्यावरून एकेक नाव घेत होते, गोत्रासह, आणि दर नावाला तिळाचं पाणी ताम्हणात पडत होतं. लोहारदा संपलं. मला वाटलं, ते ती चार नावं गाळतील, विसरतील, काहीतरी होईल. त्यांनी चारही घेतली, माझ्याच क्रमानं. माझ्या चार मैत्रिणी, एक नागपूरला नव्या बाळाला घेऊन बसलेली, एक भोपाळला बँकेत, एक साताऱ्याला, एक देवासलाच माझ्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. चौघींच्या नावानं चार वेळा पाणी पडलं. मेलेल्या माणसाला देतात ते. दूध उतू गेलं आणि काकूंनी माझ्या हातून पळी काढून घेतली.

जेवणं झाल्यावर काकांनी मला जवळ बोलावलं.

"त्या चौघी कुठे असतात आता?"

मी सांगितलं.

"सगळ्या आहेत ना?"

"आहेत काका."

त्यांनी हात पुढे केला. मी माझा हात त्यात दिला आणि सगळं सांगून टाकलं, गंधापासून सतवासच्या कुलुपापर्यंत. ते रागावले असते तर मला सुटल्यासारखं झालं असतं. ते म्हणाले, "माझ्याच बोटांनी पुसल्या म्हणायच्या."  मग म्हणाले की ती नावं कोणाची, हे त्यांना काल ऐकल्याबरोबर कळलं होतं. त्या मुली त्यांच्याच घरी आमरस जेवून गेल्या होत्या. पण सकाळी पळी हातात घेतल्यावर रिकाम्या जागेवर ‘ज्ञाताज्ञात’ म्हणणं जिभेला जमलं नाही. मी खोटं सांगितलं आणि त्यांनी ते खोटं आहे हे जाणून पाणी सोडलं. दोघांनी मिळून केलेलं काम.

"जिवंत माणसाच्या नावानं पाणी गेलंय माझ्या हातून," ते म्हणाले. "काही होत नसेल. पण दर पितृपक्षात त्यांची खुशाली विचारत जा. मी असेतो मला कळव. नंतर तुझी तू."

पुढच्या वर्षी, पितृपक्षाची पहिली तिथी लागली त्या दिवशी मी चार पोस्टकार्डं टाकली. चारही उत्तरं काकांना वाचून दाखवली. त्यांनी चौथं ऐकल्यावर श्वास सोडला. ऐंशीचं दशक संपायच्या आत काका गेले. ते यंत्र काकूंनी कोणाला तरी देऊन टाकलं, दुरुस्त करणारं माळव्यात कोणी उरलं नव्हतं. त्याच्यासमोर उभं राहून माझ्याच्यानं रडवलं नाही, मला त्याचा फार राग होता. खरं तर राग तक्त्याचा होता. नावं मी फ्लॉपीवरून कागदावर उतरवून घेतली होती, शाईनं, दोन वह्यांत. एक वही माझ्याकडे आहे आणि एक बदनावरला, आत्यांच्या नातवाकडे.

पोस्टकार्डं मात्र चालू राहिली. पुढे फोन आले तसे फोन केले. मैत्रिणींना वाटतं, किती जीव लावते ही, वाढदिवस विसरेल पण भाद्रपदात आठवण काढेल. मी त्यांना सांगणार तरी काय? एकीला एकदा टायफॉइड झाला होता, एकीच्या स्कूटरला ट्रकनं ढकललं होतं. दोन्ही वेळा मी आठ-आठ दिवस जेवले नाही आणि माझ्या नवऱ्याला वाटलं, ही मैत्रिणींपायी वेडी आहे. कोणी फोन उचलायला उशीर केला की मला ताम्हणात पाणी पडल्याचा आवाज येतो. अजून येतो. कोणी त्याला काही म्हणो.

गेल्या श्रावणात नागपूरची गेली. वय झालं होतं, हृदय थकलं होतं, त्यात पाण्याचा काही संबंध नाही, हे मला समजतं. तिच्या मुलीनं फोनवर सांगितलं की आई दरवर्षी म्हणायची, मावशीचा फोन आला म्हणजे पितृपक्ष लागला समजा. ती हे हसून म्हणायची, असंही मुलगी म्हणाली. तिला काही माहीत होतं का, हे आता विचारायला ती नाही.

यंदा सर्वपित्रीला मी माझ्या वहीत तिचं नाव लिहिलं. बदनावरच्या त्या नातवाला फोन करून त्याच्या वहीतही लिहायला लावलं. तो म्हणाला, पण या आपल्या कुळातल्या नव्हत्या ना? मी म्हणाले, लिही. सतवासखालच्या चार ओळी अजून कोऱ्याच आहेत. त्यांना मी दरवर्षी त्यांच्या गोष्टींनी हाक मारते, गाईला घास देणारी, साप चावलेली, विहिरीशी गाणारी, तेरा दिवसांची. नाव नसलेल्या माणसाला पाणी पोचतं की नाही, मला ठाऊक नाही. मग ओंजळीत पाणी घेऊन मैत्रिणीचं नाव घेतलं. आमच्या घरात हे नाव या पाण्यावर दुसऱ्यांदा घेतलं जात होतं, आणि या वेळी ते खरं होतं. हात पुसले आणि राहिलेल्या तिघींना फोन लावायला बसले.